कॉम्प्रेसरची मांडणी : यंत्राचा निर्णय आणि माणसाचा निर्णय

मानवी आवाजाचा पल्ला मोठा आणि तो साठविणाऱ्या साधनाचा पल्ला मर्यादित, ही ध्वनिमुद्रणातील मूळची अडचण होय. कुजबुज साधनाच्या खरखरीत बुडते; चढा स्वर मर्यादेबाहेर जाऊन विकृत होतो. हे अंतर आपोआप कमी करणारे उपकरण म्हणजे कॉम्प्रेसर. त्याची मांडणी हा वरवर पाहता तंत्रज्ञाचा विषय दिसतो. वस्तुतः कोणता निर्णय यंत्राने घ्यावा व कोणता माणसाने, या प्रश्नाचाच तो इतिहास आहे.

या उपकरणाचा आरंभीचा उपयोग नभोवाणीत झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे ११०-ए हे उपकरण १९३७ साली आले. प्रेषकयंत्रावर मर्यादेपेक्षा अधिक भार पडू नये, हा त्याचा हेतू. तबकडी कोरतानाही तीच चिंता असे. आवाज फार वाढला तर एक खाच शेजारच्या खाचेत घुसे. येथे कॉम्प्रेसर हा केवळ रखवालदार होता. मर्यादा साधनाने घालून दिलेली असे, आणि ती ओलांडू न देणे एवढेच मांडणीचे उद्दिष्ट असे.

स्टुडिओत आल्यावर हे स्वरूप पालटले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस राइन नार्मा यांनी रचलेल्या फेअरचाइल्ड ६६० मध्ये दाब किती त्वरेने यावा व किती वेळाने सुटावा, हे दोन्ही निर्णय सहा स्थानांच्या एकाच खटक्यात बांधलेले होते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील जेम्स लॉरेन्स यांच्या टेलेट्रॉनिक्स कंपनीने एलए-२ए आणला. त्यात आवाजानुसार उजळणारे एक पटल आणि प्रकाशाने ज्याचा विद्युत्‌रोध बदलतो असा घटक समोरासमोर असतात. दाब सरासरी १० मिलिसेकंदांत येतो. निम्मा सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो, आणि उरलेला सुटण्यास १ ते १५ सेकंद लागतात. हे काल माणसाला बदलता येत नाहीत. गायकाला सर्वांत चढी ओळ म्हणावयास सांगावी, काटा इष्ट तितका मागे येईपर्यंत दाबाचे बटण फिरवावे, आणि कमी झालेली पातळी दुसऱ्या बटणाने भरून काढावी, एवढीच त्याची मांडणी.

बिल पुटनम यांच्या ११७६ ने याउलट वाट धरली. १९६७ च्या सुमारास आलेल्या या उपकरणात अॅटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद आणि रिलीज ५० ते ११०० मिलिसेकंद असे निवडता येतात. दाबाच्या प्रमाणासाठी ४, ८, १२ व २० अशी चार बटणे आहेत. तथापि दाब जेथून सुरू होतो त्या पातळीसाठी, म्हणजे थ्रेशोल्डसाठी, वेगळे बटण नाही. येणारा आवाजच वाढवून तिच्यापर्यंत न्यावा लागतो. पुढे १९७० च्या दशकात डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीच्या १६० या उपकरणाने थ्रेशोल्ड माणसाच्या हाती दिला, आणि आवाज त्याच्या खाली आहे की वर हे दोन दिव्यांनी दाखविले. मात्र अॅटॅक व रिलीज पुन्हा यंत्राकडे गेले. यास्तव हा इतिहास माणसाच्या हाती क्रमाने अधिकार येत गेल्याचा नव्हे. प्रत्येक यंत्राने अधिकाराची वाटणी निराळी केली.

ही वाटणी भाषाभ्यासकास उदासीनतेने पाहता येणार नाही. ‘प’, ‘ट’, ‘क’ यांसारख्या स्पर्श व्यंजनांचा स्फोट काही मिलिसेकंदांचा असतो. दाब १० मिलिसेकंदांनी येत असेल तर तो स्फोट बव्हंशी निसटून जातो व पाठीमागचा स्वर दबतो. दाब मायक्रोसेकंदांत येत असेल तर स्फोटच बोथट होतो. रिलीज जलद ठेवल्यास दोन वाक्यांमधील श्वास वर उचलला जातो. म्हणजे मुद्रित आवाजातील आघात, बलाबल आणि विराम यांचे मोजमाप करताना वक्त्याबरोबरच बटण फिरविणाऱ्याचेही मोजमाप होत असते. केवळ मुद्रण ऐकून मूळची पातळी निश्चयाने परत मिळविता येत नाही.

सबब अभ्यासासाठी ध्वनिमुद्रण करावयाचे तर मूळ आवाज दाबाविना जपावा, आणि दाब दिलाच तर उपकरणाचे नाव, प्रत्येक बटणाचे स्थान व काट्याची माघार यांची नोंद मुद्रणासोबत ठेवावी. वक्त्याचे नाव व मुद्रणाची तारीख यांच्याइतकाच तोही पुराव्याचा भाग आहे.