स्नायूतील आसंजन-प्रथिन : एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रातील संज्ञा बहुधा वस्तूच्या प्रथम-दर्शनाच्या स्थळावरून रूढ होते. पुढे त्या वस्तूचे क्षेत्र विस्तारले, तरी नाव जुनेच राहते. ‘मज्जापेशी-आसंजन-रेणू’, म्हणजेच एन-कॅम, हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

भ्रूणातील मज्जापेशी एकमेकींस कशाच्या योगाने चिकटतात, हा प्रश्न रॉकफेलर विद्यापीठातील जेराल्ड एडेलमन यांनी हाती घेतला. प्रतिपिंडांच्या रचनेवरील संशोधनाबद्दल त्यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक लाभले होते, आणि येथेही साधन प्रतिपिंडांचेच होते. जी प्रतिपिंडे पेशींचे चिकटणे थांबवितात, ती ज्या प्रथिनास जाऊन मिळतात तेच चिकटण्यास कारण असले पाहिजे, असा हा युक्तिवाद. कोंबडीच्या भ्रूणावरील हे कार्य १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु १९८२ मध्ये तेच प्रथिन भ्रूणावस्थेतील स्नायुपेशींवरही आढळले, आणि संज्ञेतील ‘मज्जापेशी’ हे पद अपुरे ठरले.

स्नायूविषयी एक जुने कोडे होतेच. १९५९ साली ॲक्सेल्सन व थेस्लेफ यांनी दाखविले होते की, मज्जातंतू तोडल्यावर एरवी केवळ संधिस्थानी असणारी ॲसिटिलकोलिनविषयीची संवेदनशीलता स्नायुतंतूच्या सर्व पृष्ठभागावर पसरते. १९८५ मध्ये कोव्हॉल्ट व सेन्स यांना एन-कॅमचे वर्तनही याच धर्तीचे आढळले. प्रौढ स्नायूत ते मुख्यतः मज्जातंतूच्या संधीपाशीच उरते. मज्जातंतू नष्ट होताच स्नायूत पुन्हा विपुल होते, आणि मज्जातंतू परत जोडला गेला की ओसरते. मज्जातंतू शाबूत असूनही स्नायू निश्चेष्ट केल्यास ते वाढतेच. म्हणजे या प्रथिनाचे नियमन बऱ्याच अंशी स्नायूच्या क्रियाशीलतेवर अवलंबून आहे.

यावरून हे प्रथिनच स्नायू व मज्जातंतू यांना जोडणारा एकमेव दुवा होय, असे मात्र म्हणता येत नाही. १९९४ मध्ये या प्रथिनाच्या जनुकावाचून जन्मलेले उंदीर जगले व वाढले. स्नायूच्या ऊतक-परीक्षेत मज्जाविच्छिन्न तंतू ओळखण्यास एन-कॅम उपयोगी पडते. पण पुनर्जननशील तंतूंतही ते आढळत असल्याने केवळ त्यावरून निदान करणे धोक्याचे असते.

नावातील ‘आसंजन’ हा शब्द केवळ चिकटपणा सुचवितो. वस्तुतः मज्जातंतू गमावलेला स्नायू आपला पृष्ठभाग काही अंशी भ्रूणावस्थेसारखा करतो, ही या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट संज्ञेत कोठेच उमटलेली नाही. मराठी पर्याय घडविताना एवढे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.