भाडेकरू मिळावा म्हणून घरात आलेली नहाणी : मुंबईच्या ‘ब्लॉक’चा इतिहास

१/
मुंबईच्या जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘खोली’ आणि ‘ब्लॉक’ हे शब्द दोन वेगळ्या पायऱ्यांचे आहेत. खोली चाळीत असते. ब्लॉकला स्वतःची नहाणी आणि स्वतःचा संडास असतो. ही सोय परोपकारातून आली नाही. चांगला भाडेकरू मिळावा आणि टिकावा, या घरमालकाच्या गरजेतून ती आली. त्या गरजेच्या उदयास्ताचा हा इतिहास.

२/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या वाढल्या आणि कोकण-घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. चाळमालकाचे गणित सोपे होते : जितक्या खोल्या तितके भाडे. लांब गॅलरी, तिच्या कडेने खोल्यांची रांग, टोकाला सामाईक नळ आणि संडास. कितीही गैरसोय असली तरी खोली रिकामी पडत नसे. मग सुधारणेवर पैसा घालायचा कशाला?

३/
१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतच रोग माजतो, असे तेव्हाच्या अधिकाऱ्यांचे मत होते. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

४/
ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. त्यासाठी जुनी घरे पाडली आणि अनेक गरीब कुटुंबे आणखी दाटीत ढकलली गेली. ट्रस्टचे दुसरे काम उत्तरेकडे होते. दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील शेतजमिनीवर भूखंड आखून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची योजना त्याने हाती घेतली.

५/
या काळात ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी ‘साडेत्रेसष्ट अंशां’च्या नियमाचा आग्रह धरला. त्याचा अर्थ असा : समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतही आकाश दिसेल. घर म्हणजे केवळ छप्पर नव्हे, उजेड आणि वाराही, हा विचार बांधकामाच्या नियमांत शिरला.

६/
पहिल्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई तीव्र झाली. १९१८ मध्ये भाड्यावर निर्बंध आले. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे त्याने २०७ चाळी उभारल्या. याच त्या बीडीडी चाळी.

७/
खोली साधारण १६० चौरस फुटांची, सर्वत्र सिमेंट-काँक्रीट, संडास सामाईक. सरकारची अपेक्षा होती की कामगार रांगा लावतील. प्रत्यक्षात भाडे, गिरणीपासूनचे अंतर आणि काँक्रीटच्या त्या पेट्यांबद्दलची नावड यांमुळे असंख्य खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला.

८/
यातून एक गोष्ट उघड झाली. टंचाई असली तरी भाडेकरू वाटेल ते स्वीकारतोच असे नाही. खाजगी मालकांना तर हे अधिक जाणवत होते, कारण रिकाम्या जागेचा तोटा सोसायला त्यांच्यामागे सरकारी तिजोरी नव्हती. दादर-माटुंग्याच्या भूखंडांवर बांधणाऱ्यांपुढे प्रश्न होता : गिरगावातला कारकून, शिक्षक, वकील इतक्या लांब का येईल?

९/
एक उत्तर आगगाडीने दिले. १९२५ मध्ये मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी धावली आणि उपनगरांचे अंतर मनाने कमी झाले. दुसरे उत्तर मालकांनी दिले, ते म्हणजे ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’. दोन-तीन खोल्या, वेगळे स्वयंपाकघर, नळाचे पाणी, विजेचे दिवे, बाल्कनी आणि घराच्या आत नहाणी व संडास. चाळीपेक्षा भाडे जास्त; पण पहाटेची रांग नाही.

१०/
आज क्षुल्लक वाटणारी ही सोय तेव्हा धाडसाची होती. स्वयंपाकघर आणि देवघर जिथे, त्याच छताखाली संडास ही कल्पना सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या कुटुंबांना खटकणारी होती. पाण्याने वाहून नेणाऱ्या मलनिःसारणामुळे ती शक्य झाली. तरी अनेक इमारतींत संडास मागच्या टोकाला ठेवला गेला आणि सफाई करणाऱ्यासाठी मागून वेगळा जिना दिला गेला. सुधारणा आली; जातिभेद नकाशातच कोरला गेला.

११/
माटुंग्यात दक्षिण भारतीय कुटुंबे, दादरच्या हिंदू कॉलनीत आणि शिवाजी पार्कात मराठी मध्यमवर्ग स्थिरावला. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेला धनिकांसाठी लिफ्ट असलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती उठल्या. ओव्हलसमोरच्या आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारतींचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी बहुतेक मुळात भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधलेल्या होत्या.

१२/
या टप्प्यावर मालक आणि भाडेकरू यांचे हित एका दिशेला होते. मालकाने सोय वाढवली तर भाडे वाढे. ती न वाढवल्यास भाडेकरू शेजारच्या इमारतीत जाई. रंगरंगोटी, दुरुस्ती, नळजोडणी हा खर्च मालकाला गुंतवणूक वाटत होता, कारण तो भाड्यातून परत येई.

१३/
दुसऱ्या महायुद्धाने ही साखळी तोडली. शहरात माणसे वाढली, सिमेंट-पोलाद युद्धाकडे वळले. १९३९ मध्ये पुन्हा भाडेनिर्बंध आले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे ‘प्रमाणभूत भाडे’ ठरवले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना हा कायदा लाखो कुटुंबांचे छप्पर वाचवणारा ठरला. त्याची गरज खरी होती.

१४/
पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. सुधारणेबद्दल भाडे वाढवण्याची वाट कागदावर अगदीच बंद नव्हती. मूळ भाडे मात्र गोठलेले राहिले आणि महागाई वाढतच गेली. एका दुरुस्तीचा खर्च कित्येक वर्षांच्या भाड्याहून मोठा झाला. मालकाने हात आखडला. भाडेकरू जागा सोडेनासा झाला. सोडलीच तर ‘पागडी’ घेऊन. कायद्याने निषिद्ध असलेला हा व्यवहार शहराची रीत बनला.

१५/
गळती, वाकलेल्या तुळया, कुजलेले जिने. दर पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या आणि माणसे दगावू लागली. १९६९ मध्ये राज्य सरकारने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा केला. उपकर घेऊन दुरुस्ती करण्याची जबाबदारी मंडळावर आली. उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या होती १९,६४२. मालकाचे काम सरकारच्या अंगावर आले होते.

१६/
नवे बांधकाम करणाऱ्यांनीही धडा घेतला. भाड्यासाठी बांधण्यापेक्षा विकण्यासाठी बांधणे सुरक्षित ठरले. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने या नव्या व्यवहाराला चौकट दिली. ‘भाड्याचा ब्लॉक’ मागे पडून ‘ओनरशिपचा फ्लॅट’ आला. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही, त्याला कायदेशीर भाड्याचे घर दुर्मिळ झाले आणि झोपडी हाच पर्याय उरला.

१७/
१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्याचे म्हटले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. पण वाढीचा पाया जुने भाडेच असल्याने पागडीच्या इमारतींत दुरुस्तीचे गणित आजही जुळत नाही.

१८/
मालक लोभी आणि भाडेकरू बिचारा, किंवा त्याच्या उलट, अशी मांडणी या इतिहासाला पुरत नाही. १९३० च्या दशकात घरात नहाणी आणणाऱ्या मालकवर्गानेच पुढे गळके छप्पर तसेच ठेवले. माणसांचा स्वभाव बदलला नव्हता. खर्च करणाऱ्याला त्याचे फळ मिळण्याची वाट बंद झाली होती. आणि ती बंद करणाऱ्या कायद्यामागे बेघर होण्याची खरी भीती होती.

१९/
२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील पहिल्या रहिवाशांना पुनर्विकसित इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट, नहाणी-संडास घरात. चाळ सुधारली, पण भाड्याचे घर म्हणून नव्हे, मालकीचे घर म्हणून. भाड्याच्या घराचा प्रश्न मुंबईत अजून उभाच आहे.