दोन लाखांचं ग्राफिक्स कार्ड, पन्नास हजारांचं प्लेस्टेशन. पीसी आणि कन्सोलच्या किमतीत एवढा फरक का?

दोन लाख चौदा हजार रुपये. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाने आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं, तेव्हा भारतासाठी जाहीर केलेली ही सुरुवातीची किंमत. एवढ्या पैशांत चांगली मोटारसायकल येते. आणि हे नुसतं कार्ड आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कॅबिनेट, मॉनिटर हा खर्च वेगळा.

दुसरीकडे सोनीचं प्लेस्टेशन ५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलं ते ५४,९९० रुपयांना. घरच्या टीव्हीला जोडलं की खेळ सुरू.

'पीसी भारी की कन्सोल भारी' हा वाद गेमर्समध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात बहुतेक वेळा ग्राफिक्स, फ्रेम रेट, कीबोर्ड-माऊस विरुद्ध कंट्रोलर यावर भांडण होतं. पण घरातून पैसे मागून किंवा हप्त्यावर मशीन घेणाऱ्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. या दोन वस्तूंच्या किमती ठरतात कशा? ते समजलं की निर्णय बराच सोपा होतो.

ग्राफिक्स कार्ड नेमकं काय करतं?

स्क्रीनवरचं चित्र म्हणजे लाखो ठिपके, म्हणजेच पिक्सेल. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २० लाख ७० हजार पिक्सेल असतात. ४के स्क्रीनवर हाच आकडा जवळपास ८३ लाखांवर जातो. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालवायचा, तर ४के स्क्रीनवर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी पिक्सेलचा रंग ठरवावा लागतो.

हे काम एकट्या प्रोसेसरला झेपणारं नाही. प्रोसेसर म्हणजे लग्नातला मुख्य आचारी. कोणताही पदार्थ करू शकेल, पण हात दोनच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळी पुऱ्या लाटायला बसलेल्या शेकडो जणी. प्रत्येकीचं काम साधं, पण सगळं एकदम होतं. आरटीएक्स ५०९० मध्ये असे २१,७६० छोटे कोअर आहेत आणि चिपवर ९,२०० कोटी ट्रान्झिस्टर.

२०१८ मध्ये एनव्हीडियाच्या आरटीएक्स २० मालिकेपासून या कार्डांवर 'रे ट्रेसिंग' आलं. प्रकाशाचा किरण कुठून आला, कशावर आदळला, पाण्यात त्याचं प्रतिबिंब कसं पडलं, याचं गणित गेम चालू असतानाच केलं जातं. चित्र खरं वाटतं, पण कार्डावरचा भार प्रचंड वाढतो.

मग कन्सोलमध्ये ग्राफिक्स कार्ड नसतं का?

वेगळं कार्ड नसतं, ग्राफिक्स चिप असते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत एएमडी कंपनीने बनवलेली एकच मोठी चिप आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही त्यातच, आणि दोघांना मिळून १६ जीबी मेमरी. म्हणजे हे दोन कट्टर प्रतिस्पर्धी आतून सख्खे भाऊच आहेत.

ताकदीत ही चिप महागड्या कार्डाच्या जवळपासही जात नाही. तरी गेम छान दिसतात, कारण गेम बनवणाऱ्यांना समोरचं मशीन नेमकं माहीत असतं. जगभरात ८ कोटींहून जास्त प्लेस्टेशन ५ विकले गेले आहेत आणि मूळ मॉडेल सगळीकडे सारखंच. पीसीचं तसं नाही. कुणाकडे जुनं कार्ड, कुणाकडे नवं, कुणाची रॅम कमी. त्यामुळे गेम असंख्य जोड्यांवर चालेल असा बनवावा लागतो.

कन्सोल एवढा स्वस्त कसा?

कारण कंपनीला मुख्य कमाई मशीनवर करायचीच नसते. स्वस्त प्रिंटर घरी आणला की पुढे शाईवर खर्च होत राहतो, तोच हा हिशेब.

२०२१ मध्ये अमेरिकेत एपिक आणि ॲपल यांच्यात गाजलेला खटला चालला. त्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स मशीनच्या विक्रीवर कंपनीला कधीच नफा झालेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोनीने सांगितलं की डिस्कवालं प्लेस्टेशन ५ आता तोट्यात विकावं लागत नाही. म्हणजे तोपर्यंत ते तोट्यातच विकलं जात होतं.

हा तोटा तीन ठिकाणांहून भरून निघतो. कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवर दुसऱ्या कंपनीचा गेम विकला गेला, की साधारण ३० टक्के वाटा कन्सोल कंपनीचा. इतरांशी ऑनलाइन खेळायचं असेल तर बहुतेक विकतच्या गेमसाठी प्लेस्टेशन प्लससारखं सदस्यत्व लागतं. आणि नवे गेम महाग असतात. भारतात सोनीच्या स्वतःच्या बऱ्याच मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये राहिली आहे. असे अकरा गेम घेतले की आणखी एका कन्सोलचे पैसे गेले.

म्हणजे कन्सोल स्वस्त आहे तो उद्याच्या खरेदीच्या भरवशावर.

आणि ग्राफिक्स कार्ड एवढं महाग का?

कार्ड बनवणाऱ्या कंपनीला पुढे गेममधून वाटा मिळत नाही. पीसीवर गेम स्टीमवरून घ्या, एपिकवरून घ्या, त्यातला पैसा एनव्हीडियाकडे जात नाही. तिला जे कमवायचं ते कार्ड विकतानाच.

तरीही वरच्या कार्डांच्या किमतींचा आलेख डोळे फिरवणारा आहे. २०१७ मध्ये जीटीएक्स १०८० टीआय ६९९ डॉलरला मिळत होतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०९० आलं १,४९९ डॉलरला, २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० १,५९९ डॉलरला आणि २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० १,९९९ डॉलरला. आठ वर्षांत जवळपास तिप्पट. भारतात यावर १८ टक्के जीएसटी आणि डॉलरचा चढता भाव.

यामागे मोठं कारण आहे ते म्हणजे गेमर्स सोडून बाकीच्यांनाही ही चिप हवी आहे.

पहिली लाट आली क्रिप्टोची. २०२० ते २०२२ या काळात इथेरियम हे आभासी चलन 'माइन' करण्यासाठी ग्राफिक्स कार्ड वापरली जात होती. ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० त्या काळात दुप्पट भावाने हातोहात विकलं गेलं. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हीडियाने आरटीएक्स ३०६० कार्डावर माइनिंगचा वेग मुद्दाम कमी केला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि ही मागणी एका दिवसात संपली.

अडीच महिन्यांतच चॅटजीपीटी आलं आणि दुसरी, कितीतरी मोठी लाट सुरू झाली. पिक्सेलसाठी जे गणित लागतं, तसंच गणित एआय मॉडेलला लागतं. तेही साधं, पण एकाच वेळी प्रचंड प्रमाणात.

एनव्हीडियाचे आकडेच पाहा. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला गेमिंगमधून सुमारे १,२४६ कोटी डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून सुमारे १,०६१ कोटी. गेमर हा तेव्हा तिचा सगळ्यात मोठा ग्राहक होता. तीनच वर्षांनी डेटा सेंटरचा आकडा ११,५०० कोटींच्या पुढे गेला. गेमिंग जिथल्या तिथे, साधारण १,१३५ कोटी. म्हणजे त्या वर्षी कंपनीच्या कमाईतल्या दर १०० डॉलरपैकी जेमतेम ९ गेमर्सकडून आले.

डेटा सेंटरच्या आणि गेमिंगच्या चिप्स वेगळ्या असतात, पण दोन्ही तैवानच्या टीएसएमसी कंपनीत बनतात. तिथली क्षमता मर्यादित आहे. ती कुणासाठी आधी वापरायची, याचं उत्तर नफा कुठे आहे त्यावर ठरतं.

वर स्पर्धाही उरलेली नाही. एएमडीने २०२४ मध्येच सांगून टाकलं की सगळ्यात महागड्या कार्डांच्या शर्यतीत न पडता जास्त लोकांना परवडतील अशी कार्डं बनवण्यावर भर देणार. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये त्यांचं आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला आलं.

चौपट पैसे दिले तर गेम चौपट चांगला दिसतो का?

नाही. एका पातळीनंतर पैसा वाढतो तसा फरक दिसत नाही. घरी साधा फुल एचडी मॉनिटर असेल तर आरटीएक्स ५०९० ची बरीचशी ताकद वायाच जाईल. ती कामी येते ४के स्क्रीनवर, रे ट्रेसिंग पूर्ण चालू करून, सेकंदाला १०० च्या पुढे फ्रेम हव्या असतील तेव्हा.

जाहिरातीतले आकडे वाचतानाही सावध राहावं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० कार्ड आरटीएक्स ४०९० इतकी कामगिरी देईल. हे गणित एआयने तयार केलेल्या फ्रेम धरून होतं. कार्ड एक फ्रेम खरी बनवतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरतं. हालचाल गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात वेगवान होत नाही. अटीतटीच्या ऑनलाइन सामन्यात हा फरक जाणवतो.

वीज बिलाचं काय?

आरटीएक्स ५०९० पूर्ण ताकदीने चाललं तर एकटं कार्ड ५७५ वॅट खातं. कंपनी त्यासाठी १,००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. रोज चार तास याच भाराने खेळलं, तर महिन्याला ६९ युनिट फक्त कार्डाचे. प्लेस्टेशन ५ मोठ्या गेममध्ये साधारण २०० वॅटच्या आसपास असतं, म्हणजे तेवढ्याच वेळात सुमारे २४ युनिट. वीज गेली की घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर असा पीसी चालवण्याचा विचारही नको.

कन्सोल स्वस्तच राहणार का?

इथेही चित्र बदलतंय. पूर्वी कन्सोल जुना झाला की किंमत उतरायची. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० मध्ये २९९ डॉलरला आलं आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरलं. प्लेस्टेशन ५ उलट महागलं. ४९९ डॉलरला आलेलं मशीन पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ५४९ वर गेलं. भारतात २०२१ मध्ये ते ४९,९९० रुपयांना आलं होतं. ६९९ डॉलरचं प्लेस्टेशन ५ प्रो तर सोनीने सुरुवातीला भारतात आणलंच नाही. त्यातल्या वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना तेव्हा इथे परवानगी नव्हती.

एआयची झळ आता मेमरीपर्यंतही पोहोचली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांना रॅम विकणारा आपला 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण डेटा सेंटरची मागणी. रॅम पीसीतही लागते आणि कन्सोलमध्येही. त्यामुळे ही झळ दोघांनाही.

मग घ्यावं काय?

फक्त गेम खेळायचे आहेत, वर्षाला चार-पाच मोठे गेम पुरतात आणि घरात बरा टीव्ही आहे, तर कन्सोलच परवडतो. शक्यतो डिस्कवालं मॉडेल घ्यावं. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. पीसीवरचे गेम आता जवळपास सगळे डिजिटल असल्याने तिथे ही सोय नाही. काही मोठे गेम कन्सोलवर आधी येतात हेही लक्षात घ्यावं. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये.

अभ्यास, व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडरसारखं थ्रीडी काम किंवा प्रोग्रामिंगही करायचं असेल, तर पीसीचा खर्च एकट्या गेमिंगच्या खात्यावर टाकणं चुकीचं आहे. कार्ड तिथे कामाचं अवजार ठरतं. पण त्यासाठी दोन लाखांचं कार्ड लागत नाही. आरटीएक्स ५०७० भारतात ५९ हजारांपासून जाहीर झालं होतं आणि त्याखालची कार्डंही फुल एचडीवर आजचे बहुतेक गेम व्यवस्थित चालवतात. आधी मॉनिटर पाहावा, मग त्याला साजेसं कार्ड.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून किंवा ऑनलाइन जुनं कार्ड घेताना ते माइनिंगला वापरलेलं नाही ना, हे विचारावं. पंखे, तापमान आणि उरलेली वॉरंटी तपासावी आणि शक्य असेल तर समोर एखादा जड गेम अर्धा तास चालवून पाहावा.

आणि किमतीची तुलना करताना पहिल्या दिवसाची नाही, तीन वर्षांची करावी. कन्सोलच्या बाजूला मशीन, गेम आणि सदस्यत्व धरावं. पीसीच्या बाजूला संपूर्ण मशीन, मॉनिटर, गेम आणि वीज. हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले की 'कोण भारी' या वादाचं उत्तर प्रत्येक घरापुरतं वेगळं निघतं.