वर्गणीच्या दूरचित्रवाणीचा कायदा आणि कुपवाड

मिरज तालुक्यातील कुपवाड हे औद्योगिक वसाहतीचे गाव 1998 मध्ये सांगली आणि मिरज यांच्यासह एका महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पुढे केबलच्या डिजिटल रूपांतराची मुदत गावाच्या नागरी वा ग्रामीण दर्जावरून ठरल्यामुळे हा प्रशासकीय बदल तेथील दूरचित्रवाणीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा होता.

उपग्रह वाहिन्या आल्यानंतर घरोघर तारा ओढणाऱ्या केबलचालकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो 1994 च्या अध्यादेशाने आणि त्यानंतरच्या 1995 च्या केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन अधिनियमाने आला. केबलचालकाने मुख्य टपाल कार्यालयाच्या पोस्टमास्तरकडे नोंदणी करावी आणि दरवर्षी तिचे नूतनीकरण करावे, अशी व्यवस्था होती. 2011 च्या दुरुस्तीने सेट-टॉप बॉक्स, म्हणजे सांकेतिक प्रक्षेपण उलगडणारे यंत्र, सक्तीचे झाले. महानगरपालिकेत असल्याने कुपवाड तिसऱ्या टप्प्यात आले आणि त्याची मुदत 31 डिसेंबर 2015 ठरली, तर ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात राहिला.

दरम्यान 8 सप्टेंबर 2008 रोजी केंद्र सरकारने आयपीटीव्हीसाठी, म्हणजे सेवादात्याच्या स्वतःच्या नियंत्रित जाळ्यावरून इंटरनेटच्या तंत्राने पोहोचणाऱ्या वाहिन्यांसाठी, मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोंदणीकृत केबलचालकाला त्यासाठी वेगळी परवानगी लागत नव्हती, ही त्यांतील सर्वांत दूरदर्शी तरतूद म्हणावी लागेल, कारण लहान व्यावसायिकाला नव्या तंत्राचे दार तिने उघडे ठेवले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 2017 चे दरनियमही केबलबरोबर आयपीटीव्हीला लागू झाले. पहिल्या 100 वाहिन्यांसाठी करांखेरीज 130 रुपयांची मर्यादा आली, जी 2024 मध्ये काढण्यात आली.

खुल्या इंटरनेटवरील ओटीटी सेवा मात्र या चौकटीबाहेर राहिल्या. 25 फेब्रुवारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी त्यांना वयोगटानुसार वर्गीकरण आणि 15 दिवसांत तक्रारनिवारण घालून दिले, तरी ज्या आचारसंहितेवर ही रचना उभी होती तिच्या पालनाची सक्ती करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने 14 ऑगस्ट 2021 रोजी स्थगिती दिली. शिवाय वर्गणीच्या दराबाबत हे नियम काहीच सांगत नाहीत. एकच मालिका तारेने आली तर ग्राहकाला दरनियमांचा आधार मिळावा आणि मोबाइलवर आली तर मिळू नये, हा भेद ग्राहकावर अन्याय करणारा आहे.

जानेवारी 2025 पासून केबलचालकाची नोंदणी पोस्टमास्तरकडे न होता माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर होते आणि ती 5 वर्षे टिकते.