दोन रुपयांचा आक्षेप

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही मतदान केंद्रावर एक जुना नियम आजही लागू आहे. समोर आलेला माणूस यादीतला नव्हेच, असं एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला वाटलं, तर त्यानं दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. पुरावाही त्यानंच द्यायचा. तो देता आला नाही तर मतदाराला मत देऊ द्यायचं आणि आक्षेप खोडसाळ निघाला तर दोन रुपये जप्त. 1961 च्या निवडणूक नियमांतली ही रक्कम. आज तेवढ्यात कटिंग चहाही येत नाही.

मतदार ओळखपत्राची कुळी या दोन रुपयांच्या मागच्या विचारापासून शोधावी लागते. माणूस स्वतःचं नाव सांगतो म्हणजे तो तोच, असं धरून चालायचं; शंका असेल त्यानं ती सिद्ध करावी.

1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. निजामी राजवट संपून जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. परभणीकरांनी शेतकरी कामगार पक्षाच्या नारायणराव वाघमारेंना लोकसभेत पाठवलं, तेही कुणाच्या खिशात कार्ड नसताना. यादीतलं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि ओळखणारं गाव, एवढ्यावर भागलं. ओळख पटवायला माहितगार माणसं हाताशी घेण्याची मुभा केंद्राध्यक्षाला नियमातच आहे. खेड्यात अशी माणसं म्हणजे पाटील किंवा कोतवाल. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी एक विसरू नये: ज्याच्या शब्दावर ओळख पटते, त्याच्याच शब्दावर ती नाकारलीही जाते. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

याच निवडणुकीत देशभरातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. ही नावं मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतली.

बोटाची शाई ही या कुळातली थोरली बहीण. 1962 पासून म्हैसूरच्या कारखान्यात बनणारी ही शाई दुसरं मत अडवते, पण पहिलं मत खऱ्या माणसानं दिलं की नाही, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी फोटो हवा, हा विचार 1957 च्या निवडणुकीनंतर बळावला. 1960 मध्ये कलकत्त्यातल्या एका पोटनिवडणुकीत प्रयोगही झाला. सुमारे साडेतीन लाख मतदार, दहा महिन्यांची खटपट आणि कार्डं मिळाली दोन लाखांच्या आसपास लोकांना. पुष्कळ बायकांनी फोटो काढूनच घेतला नाही. प्रयोग गुंडाळला गेला. पुढे 1979 मध्ये सिक्कीममध्ये आणि मग ईशान्येच्या काही राज्यांत तो पुन्हा उभा राहिला.

देशभर कार्ड आणलं ते तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी. 28 ऑगस्ट 1993 ला आदेश निघाला आणि पाठोपाठ दटावणी आली: 1994 संपेपर्यंत कार्डं द्या, नाहीतर निवडणुका घेणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दटावणी प्रत्यक्षात उतरली नाही आणि 1995 च्या आरंभी महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक पार पडली. शेषन यांचा हेतू चोख होता. पण सरकारनं कार्ड दिलं नाही म्हणून मतदाराचं मत अडवायचं, हा न्याय उलटाच होता.

त्या उलट्या न्यायावरचा उतारा म्हणजे पर्यायी कागदांची यादी. परभणीत 26 एप्रिल 2024 ला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा कार्ड नसलेल्यांना आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेला पेन्शनचा कागद, अपंगत्वाचं ओळखपत्र अशा बारा कागदांपैकी एक चालत होता. त्यात रोजगार हमीचं जॉब कार्डही होतं. कामाची हमी कायद्यात आधी आणणाऱ्या या राज्यात मजुराच्या त्या कार्डाला हा मान मिळावा, हे मला फार योग्य वाटतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र 2019 पासून एकटी चालत नाही. कार्डावर नावाची वेलांटी चुकली, तरी माणूस ओळखू येत असेल तर त्याला परत पाठवायचं नाही, अशा सूचना आहेत.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर हात हलवत परतू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा; ते कागदी मतपत्रिकेवर घेतलं जातं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो कार्ड म्हणजेच मत, या समजुतीनं. यादीत नाव नसेल तर नवंकोरं कार्डही कामाचं नाही. नाव असेल तर कार्ड हरवलं तरी बिघडत नाही. गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी तर निघण्याआधीच यादी पाहावी. नाव नसेल तर नमुना 6 भरावा. पत्ता बदलला असेल किंवा चूक असेल तर नमुना 8. अडलं तर 1950 हा क्रमांक आहे आणि गावचे केंद्रस्तरीय अधिकारी आहेत. हे काम मतदानाच्या दिवशी होत नाही. आधीच करून ठेवा.