प्रवेश आणि पंगत

विद्यामंदिराचें दार उघडें असणें ही एक गोष्ट. आंत आलेल्या विद्यार्थ्याला तेथें टिकतां येणें ही अगदीं निराळी. हा भेद कोल्हापूरइतका स्पष्टपणें फार थोड्या शहरांनीं अनुभविला असेल.

१८५७ सालीं स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठ प्रारंभीं मुख्यत्वें परीक्षा घेणारी संस्था होती. मॅट्रिकची परीक्षा ही त्याची वेस. ती ओलांडलेला तरुण कोठें राहतो, काय खातो, याची विचारपूस करणें हें तें आपलें काम मानीत नसे. कोल्हापुरांत १८८० सालीं राजाराम कॉलेज सुरू झालें आणि उच्च शिक्षण घराजवळ आलें. परंतु खेड्यांतून आलेल्या कुणब्याच्या मुलास शहरांत बिऱ्हाड कोण देणार? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवतां येई. इतरांना तोहि आधार नव्हता, आणि अस्पृश्य मुलाला तर उंबरठाच वर्ज्य.

१८९६ सालीं शाहू छत्रपतींनीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह काढविलें. नियमांत कोणालाहि मज्जाव नव्हता. तरी थोड्याच काळांत तेथें केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. नियमानें जें दिलें, तें रूढीनें काढून घेतलें.

या अनुभवानंतर महाराजांनीं मार्ग बदलला. १९०१ सालीं मराठा व जैन, १९०६ सालीं मुसलमान, १९०७ सालीं लिंगायत आणि १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क, अशीं वसतिगृहें एकामागून एक उभीं राहिलीं. जातवार वसतिगृहांनीं भेद पक्का होईल, हा आक्षेप निराधार नव्हता. पण भुकेल्या विद्यार्थ्याला समतेची वाट पाहत बसणें परवडणारें नव्हतें.

त्या आक्षेपाचें उत्तर कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगांत राहून गेलेल्या भाऊराव पाटलांनीं दिलें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढें १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका चुलीवरचें अन्न एका पंगतीस बसून जेवूं लागलीं. त्यांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. १८९६ सालीं जें फसलें, तें येथें साधलें. कारण येथें मुलांना नुसता प्रवेश नव्हे, तर घर मिळालें.

१९६२ सालीं कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. पदवीसाठीं मुंबई-पुण्याकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. परंतु प्रवेशाच्या अर्जांत न मावणारा जुना प्रश्न प्रत्येक विद्यापीठापुढें उभाच असतो: नांव नोंदविल्यानंतर विद्यार्थ्याचें पान कोठें मांडलें जातें?