नाव तेच, वादक वेगळे

सत्तरच्या दशकातील हार्ड रॉकच्या वळणाने वाजवणाऱ्या नव्या बँडांबद्दल बोलताना बहुतेकांचा वेळ एकाच प्रश्नात जातो: हे कुणासारखे वाटते? लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबथ अशी उत्तरे लगेच सुचतात आणि चर्चा तिथेच आटोपते. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करताना मी दुसरा प्रश्न त्याच्या हाती देतो: हे वाजवते कोण?

सिडनीचा ‘वुल्फमदर’ घ्या. गाणे आणि गिटार अँड्र्यू स्टॉकडेलकडे, बास आणि कीबोर्ड दोन्ही ख्रिस रॉसकडे, ड्रम्सवर माइल्स हेस्केट. 2005 साली त्यांचा पहिला अल्बम ऑस्ट्रेलियात आला. त्यातल्या ‘वुमन’ला 2007 मध्ये ग्रॅमी मिळाले. गाणे पुरते तीन मिनिटांचेही नाही. गिटारची धून ओळखीची वाटते, हे खरेच. पण मध्यावर कीबोर्ड विव्हळत पुढे येतो, तिथे कान द्या. बास वाजवणाराच तिथेही आहे. तिघांनी चौघांचे काम वाटून घेतले आहे. शैली उसनी म्हणा हवी तर, ही वाटणी मात्र त्यांची स्वतःची. म्हणूनच जुन्या वळणाच्या बँडमधून माणूस गेला की नुकसान जास्त होते, असे माझे मत आहे. उसने होते ते मागे राहते, स्वतःचे होते तेच निघून जाते.

2008 मध्ये रॉस आणि हेस्केट बाहेर पडले. नाव स्टॉकडेलने पुढे चालवले. 2009 च्या ‘कॉस्मिक एग’मध्ये बास आणि कीबोर्डची दुहेरी जबाबदारी इयन पेरेसने उचलली, एडन नेमेथची दुसरी गिटारही आली. आवाज भरीव झाला, पण पहिल्या अल्बममधल्या मोकळ्या जागा बुजल्या, आणि मला त्या जागाच अधिक प्रिय आहेत. पुढे 2013 चा ‘कीप मूव्हिंग’ स्टॉकडेलने स्वतःच्या नावावर काढला, तर 2014 च्या ‘न्यू क्राउन’वर पुन्हा ‘वुल्फमदर’ हे नाव आले. 2016 च्या ‘व्हिक्टोरियस’मध्ये बासही त्यानेच वाजवला.

मग हा बँड की एका माणसाचे काम? मी याला बँडच मानतो. ही गाणी मंचावर उभी करायला दुसरी माणसे लागतातच, आणि प्रत्येकाच्या हातून त्यांची चाल थोडी बदलते.

पुढची प्रकरणे वाचताना अल्बमवरची श्रेयनामावली जवळ असू द्या. ड्रम्सपुढचे नाव आवर्जून पाहा. ते वारंवार बदललेले दिसेल.